चौथ्या गिअरची जागा

आमच्या घरात भुताखेतांवर विश्वास ठेवायला कुणाला सवडच नव्हती. वडील अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून पिकअप चालवतात, कधी कापूस, कधी भाजीपाला. माणूस वेळी-अवेळी एकटा रस्त्यावर असतो, म्हणून असलं काही घरात बोलायचंच नाही, असा आईचा नियम. मी घरातली पहिलीच कॉलेजला गेलेली, धुळ्याला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. जे मोजता येतं तेच खरं असं मी मानते... मानायचे. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय. वाचून कुणाला माझी चूक सापडली तर जरूर सांगा, मला बरंच वाटेल.

माझ्या मामाचं धुळ्यात आग्रा रोडला गॅरेज आहे. मागच्या हिवाळ्यात तिथे जळगावच्या एका मारवाडी व्यापाऱ्यांची जुनी स्पोर्ट्स कार टोचन लावून आणली. इंग्लंडची, दोन सीटची, उघड्या टपाची. कंपनीचं नाव लिहीत नाही, आमच्याकडे ती लगेच ओळखली जाईल. गाडी शेठजींची. ते वारले, त्यानंतर ती उभीच राहिली आणि इंजिन जाम झालं. आता त्यांचे चिरंजीव प्रकाशभाऊ ती पुन्हा रस्त्यावर आणत होते.

इंजिन पूर्ण खोललं. तेव्हाच प्रश्न निघाला — जुना चार गिअरचा बॉक्स तसाच ठेवायचा, की पाच गिअरचा बसवायचा? हायवेला चौथ्यात इंजिन नुसतं ओरडतं, पाचवा असला की शांत चालतं. आणि हे काम इंजिन बाहेर असतानाच करून घ्यावं, नाहीतर पुन्हा सगळं उतरवा. प्रकाशभाऊंना गाडी इंदूरपर्यंत न्यायची होती. मामाही तयारच होता, पण जबाबदारी ढकलायला त्याला मी सापडले. म्हणाला, "हाई आमनी इंजिनेर बाई शे, तिले इचारा."

मी बदला म्हणाले. नवा बॉक्स जुन्या इंजिनला जोडायची प्लेट मी स्वतः डिझाईन केली, कॉलेजचा प्रोजेक्टही तोच घेतला. वडिलांनी तर गावात सगळ्यांना सांगितलं, आमच्या पोरीने शेठच्या मोटारीचं डिझाईन केलं म्हणून. माझं किती काही त्यात अडकलं होतं, ते समजून घ्या.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. जुन्या बॉक्समध्ये चौथा गिअर म्हणजे दांडा पूर्ण आपल्याकडे ओढून खाली. नव्या बॉक्समध्ये नेमका त्याच जागी रिव्हर्स, आणि चौथा मधल्या रांगेत खाली. मी गाडी शिकले वडिलांच्या पिकअपवर. तिथेही पाच गिअर, याच मांडणीचे. जुना बॉक्स मी फक्त सुटा, टेबलावर पाहिला होता. चालवायचा प्रश्नच नव्हता — गाडी आली तीच बंद.

ट्रायलला मी चालवायला, शेजारी प्रकाशभाऊ. सकाळचं स्वच्छ ऊन. सोनगीरच्या दिशेने निघालो. इंजिन सुरेख चाललं होतं. पप्पांनी मला ही गाडी फक्त धुवायला दिली, असं प्रकाशभाऊ हसत सांगत होते. मी तिसऱ्यातून चौथा टाकायला गेले, आणि हात दांडा पूर्ण माझ्याकडे ओढून खाली घेऊन गेला. कर्रर्र... अख्खी गाडी थरथरली. मी कसाबसा न्यूट्रल केला. होतं असं नव्या गाडीत, ते म्हणाले.

थोड्या अंतरावर परत तेच. मग मी मनात घोकायला लागले — मधे, खाली... मधे, खाली — तरी हात तिकडेच. मला घाम फुटलेला, आणि हात मात्र निवांत होता. अगदी सावकाश, सवयीने जावा तसा जात होता. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तेवढ्यात पुढच्या ट्रकने ब्रेक मारला. मी काही ठरवायच्या आत पायाने क्लच दाबून सोडला, हलकीशी रेस दिली, पुन्हा दाबला. मधल्या क्षणात हात दांड्यावर थांबला आणि बोटाने मुठीवर दोनदा वाजवलं. टक्-टक्. मग दुसरा गिअर लोण्यासारखा पडला.

असा दोनदा क्लच दाबणं घासलेल्या जुन्या बॉक्सला लागतं, हे मी वाचलं होतं. केलं कधीच नव्हतं.

प्रकाशभाऊंचं हसणं थांबलं होतं. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. घेतली. ते माझ्या डाव्या हाताकडे बघत होते.

"अंगठी घालतेस तू?"

"नाही भाऊ."

"मग वाजलं काय?"

मी हात पुढे करून दाखवला, बोटं रिकामी होती. मग त्यांनीच सांगितलं, पप्पा दुसरा टाकण्याआधी अंगठीने मुठीवर असंच वाजवायचे. पण नव्या बॉक्सबरोबर आलेली मूठ प्लास्टिकची आहे. मी नंतर नखाने, नाण्याने, मैत्रिणीच्या अंगठीनेही वाजवून पाहिलं. नुसतं थप-थप येतं.

परत येताना गाडी त्यांनी चालवली. एकदाही चूक झाली नाही.

गॅरेजवर मी दांडा, जोड, माउंटिंग, सगळं तपासलं. कुठेच दोष नाही. प्रकाशभाऊ म्हणाले, तू म्हणशील तसं करू. मला एकच दिसत होतं — पुढच्या वेळी वेगात रिव्हर्स खरंच पडला तर? शेजारी माणूस असतं. मी म्हणाले, जुनाच बसवा. मामाने कारण विचारलं. "मला वाटतं," एवढंच सांगता आलं.

"इतलं शिकनी," मामा म्हणाला, "आनी शेवट काय सांगस — माले वाटस!"

जुना बॉक्स परत चढला. प्रोजेक्टला दुसरा विषय घ्यावा लागला. वडिलांना काय सांगावं ते सुचेना, म्हणून मालकांची इच्छा म्हणाले.

काम झाल्यावर प्रकाशभाऊंनी हट्टाने मलाच चालवायला बसवलं. या वेळी मला भीती नव्हती. हाताला जी जागा हवी होती ती आता तिथेच होती. पण तिसऱ्यानंतर मी चौथा शोधतच राहिले. दुसऱ्याला तर असा आवाज झाला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. तो हात माझाच होता — नवशिका, गोंधळलेला. प्रकाशभाऊ रस्त्याकडे बघतच नव्हते. सोनगीर मागे पडलं तरी त्यांची नजर माझ्या हातावरून हलली नाही.

शेवटी हळूच म्हणाले, "राहू दे. वळव."

कॉलेजमधल्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, मसल मेमरी. पण कुणाची, सर? ते माझ्या तोंडून निघालं नाही. माझ्याकडे अजून कसलंच स्पष्टीकरण नाही. मी त्या दिवशी एक अपघात टाळला, की त्यांच्या पप्पांना त्या गाडीतून उतरवून दिलं, हेही मला कळलेलं नाही.