नरखेडच्या वाटेवर, विहिरीत धावताना

डॉक्टरांनी तीन महिने खाटेवर पडून राहायला सांगितलं होतं आणि मी चौथ्या आठवड्यात एसटीत जाऊन बसले. उजव्या नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेली होती. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पातळ तळव्यांच्या कॅनव्हासच्या बुटांत धावायचं, त्याचं हे फळ. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून चीर आईला दाखवली आणि आता हिचं धावणं विसरा म्हणून सांगितलं, तेही आईलाच. पाय माझा, हाड माझं, आणि निकाल आईला! 

तेव्हा नागपुरात धावणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आमच्या क्लबातून चौघी राज्याच्या शर्यतीला जायच्या, आणि त्या चार जागांतली एक मिळावी म्हणून मी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. निवड चाचणी जानेवारीत होती. आम्हाला शिकवणारे क्लबाचे सर घरी येऊन चहा घेऊन गेले, तोपर्यंत नाव ठेवतो म्हणाले, पण उठताना आईकडे असं पाहिलं की मी काय ते समजले. प्रतापनगरच्या आमच्या दोन खोल्यांत शेजारणी येऊन, पोरीच्या जातीला कशाला ही थेरं, असं म्हणून जात. तीन आठवडे ऐकून घेतलं. मग मावशीचं पोस्टकार्ड आलं. संत्र्याचा तोडा सुरू होतो आहे, ये, पाय मोडला तरी हात चालतात ना, असं तिनं लिहिलं होतं. आईनं पोस्टकार्ड लपवण्याआधी मी पिशवी भरली.

एसटीत कंडक्टरनं माझी काठी पाहून पुढची सीट एका म्हाताऱ्याला उठवून रिकामी केली. मी बसले नाही. म्हाताऱ्याला परत बसवलं आणि दांड्याला धरून उभी राहिले. काटोल येईपर्यंत पायात ठणका सुरू झाला. उतारू पांगले आणि कोणी बघत नाही अशी खात्री झाल्यावर मी मागच्या बाकावर निमूटपणे बसले. काटोलच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागले. फळांच्या भारानं फांद्या वाकलेल्या, त्यांना खालून बांबूचे टेकू दिलेले. खिडकीतून हिरव्या सालीचा कडवट वास येत होता.

फाट्यावर मावशी उभी होती. जय भीम केला, काठी हातातून काढून घेतली आणि चालून दाखव म्हणाली. मी चार पावलं टाकली.

"लंगडून राहिली," ती म्हणाली. "पण मेली नाहीस. चल."

मावसाजींनी नागपूरच्या गिरणीत वीस वर्षं घालून हा बगीच्याचा तुकडा घेतला होता. ते गेल्यावर मावशी एकटी तो करत होती. बगीच्याच्या बांधावर एक मोठी दगडी विहीर होती, ती शेजारच्या डोमाजींशी सामाईक. दोघांचे पंप समोरासमोर, एक दिवस यांची पाळी, एक दिवस त्यांची. आई सांगायची, तिच्या लहानपणी या भागात आपल्या माणसांना विहिरीच्या काठावर चढू देत नसत, कोणी वरून पाणी ओतेपर्यंत खाली ताटकळत उभं राहावं लागे. मावशीनं मला ही विहीर दाखवताना त्यातलं काही काढलं नाही. अर्धी माझी आहे, एवढंच म्हणाली.

पहिले आठ दिवस मी झाडाखाली बसून संत्री निवडली. हात चालत होते, पण बाकीचं अंग गंजत होतं. संध्याकाळी मावशी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे (कणकेचे भाजलेले गोळे) लावायची, वर वांग्याची झणझणीत भाजी. मी ताटावर ताट रिकामं करायची आणि मग चाचणीच्या विचारानं चिडचिड करायची. नवव्या दिवशी मावशीला माझा कंटाळा आला. पायावर भार द्यायचा नाही ना, मग पाण्यात उतर, असं तिनं फर्मान काढलं. मला पोहता येत नाही म्हटल्यावर ती घरात गेली आणि मावसाजींची जुनी हाफपँट, एक नाडी आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन आली. डब्याचं तोंड झाळून बंद केलेलं होतं. तिकडची सगळी पोरं पाठीला असा डबा बांधूनच पोहायला शिकतात.

विहिरीच्या भिंतीतून दगडी पायऱ्या बाहेर आलेल्या होत्या. मी बसत बसत उतरले आणि डोळे मिटून पाण्यात घुसले. वर मावशी माझ्या कमरेला बांधलेला दोर धरून बसली होती. डब्यानं मला बुडू दिलं नाही, पण आडवंही होऊ दिलं नाही. मी उभीच तरंगत राहिले. घाबरून पाय मारायला लागले, आणि पाहते तर काय, पाय पोहत नव्हते, धावत होते! गुडघा वर, टाच मागे, हात कोपरात वाकलेले. खाली जमीन नव्हती, म्हणून हाडाला धक्का नव्हता. तीन-चार मिनिटांत धाप लागली. महिन्याभरानं मला खरी धाप लागली होती आणि मी विहिरीत एकटीच हसत होते.

मग रोजचा तो नेमच झाला. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग तास. वेगानं शंभर पावलं, सावकाश शंभर. गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. हाफपँट घालून विहिरीत नाचणारी नागपूरची पोर बघायला बाया धुण्याचं निमित्त काढून येत. एकीनं मावशीला विचारलं, पोरीवर काही उतरवून घेतलं का? मावशी म्हणाली, हो, आळस उतरवते आहे.

डोमाजींना मात्र हे पसंत नव्हतं. ते रागीट नव्हते, रामराम करायचे, पण बाईमाणसानं विहिरीत उतरू नये असं मावशीला दोनदा सांगून गेले. मावशीनं दोन्ही वेळा त्यांना संत्री खायला दिली. शेवटी असं ठरलं की मी फक्त मावशीच्या पाळीच्या दिवशी उतरायचं. महिनाभरात मी थोडी पोहायलाही शिकले, आणि मावशी दोर सोडून तोडणीला जायला लागली.

गावात वीज येऊन चारच वर्षं झाली होती आणि ती मनाला येईल तेव्हा जायची. वीज गेली की मोटार बंद, आणि परत आली की शेतापर्यंत जाऊन बटण दाबायचं. ही पायपीट टाळायला लोकांनी एक युक्ती काढली होती. स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं आणि फटीत काडी ठोकून ते तसंच अडकवून ठेवायचं. वीज आली की मोटार आपोआप सुरू. एकदा डोमाजींच्या पाळीत वीज गेली. ते काडी ठोकून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आठवडी बाजाराला निघून गेले.

त्या दिवशी पाळी मावशीची होती. मी निर्धास्त उतरले. थोड्या वेळानं वर घरघर सुरू झाली. मावशीनं मोटार लावली असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही, पावलं मोजत राहिले. तासानं पायरी धरायला हात वर केला तर हात पोचेना. सगळ्यांत खालची पायरी कधीच निखळलेली होती, आणि तिच्या वरची आता माझ्या बोटांपासून वीतभर लांब होती. पाणी उतरत होतं. मी हाका मारल्या. मोटारीच्या आवाजात मलाच त्या ऐकू आल्या नाहीत. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. थांबलं तर दर मिनिटाला पायरी आणखी वर जाणार होती.

निखळलेल्या पायरीच्या जागी भिंतीत एक खोबण होती. तिच्यात पाय रोवून वर उसळी घ्यायची, एवढाच मार्ग होता. खोबण उजवीकडे होती. डावा पाय घालून पाहिला, अंग वळेना. म्हणजे सगळा भार त्याच नडगीवर घ्यायचा, जी चालायलाही देऊ नका असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्यांना एक शिवी हासडली, खोबणीत पाय रोवला आणि जीव खाऊन वर झेपावले. पाठीवरचा डबा भिंतीवर आदळला. हाताला पायरी लागली. मी तिच्यावर पोट टाकून वर सरकले आणि कळ यायची वाट पाहत बसले. मी पुन्हा पुन्हा नडगी दाबून पाहिली. कळ आलीच नाही. मग मात्र मला रडू फुटलं.

वर येऊन मी तशीच ओलीचिंब डोमाजींच्या पंपाच्या झोपडीत गेले आणि बटणातली काडी उपटून काढली. मावशी धावत आली. तेवढ्यात डोमाजी बाजाराची पिशवी घेऊन बांधावर पोचले, आणि आपली मोटार बंद करणारी पोरगी पाहून त्यांचं टाळकं सरकलं. काय झालं ते कळल्यावर चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही.

"मले काय मालूम वं बाई, विहिरीत कोणी पडून हाय म्हणून?"

"पडले नव्हते काका," मी म्हटलं. "धावून राहिली होती."

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग माझ्या हातातली काडी घेतली, मोडून टाकली आणि घराकडे वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा गवंडी निखळलेली पायरी बसवायला आला. त्या दिवशी पाळी त्यांची होती, आणि तरी मोटार दुपारपर्यंत बंद होती.

त्यानंतर मी जमिनीवर धावायला सुरुवात केली, संत्र्याच्या दोन ओळींमधल्या मऊ मातीत, अनवाणी. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग बगीच्याला वळसा. जानेवारीत मावशीनं पिशवीत संत्री कोंबली आणि मला फाट्यावर सोडलं. काठी तिनं ठेवून घेतली, टेकू द्यायला उपयोगी पडेल म्हणाली.

चाचणी अंबाझरीकडच्या माळावर होती. सरांनी यादी वाचली, दहा नावं, त्यात माझं नव्हतं. विचारलं तर कागद पुढे केला. माझ्या नावावर लाल रेघ होती. तुझ्या भल्यासाठीच केलं, ते म्हणाले, आणि बघणाऱ्यांनी दोरीच्या बाहेर थांबावं अशी खूण केली. मी दोरीच्या आत गेले आणि शेवटच्या मुलीशेजारी उभी राहिले. मला हाताला धरून बाहेर काढणं त्यांना जमलं नाही. त्यांनी शिटी वाजवली.

पहिल्या फेरीत मी नववी होते. चढावर दोघी मागे पडल्या, शेवटच्या वळणावर आणखी तिघी. चौथी आले, पाचवीच्या जेमतेम हातभर पुढे. छातीचा भाता फुटायचा राहिला होता, पण नडगी गप्प होती.

एवढ्या प्रवासातून मी काय आणलं असं नंतर आईनं विचारलं. संत्री, मी म्हणाले. खरं तर एक गोष्ट पक्की करून आले होते. माझ्या हाडाबद्दल ज्यांना बोलायचं असेल त्यांनी माझ्याशी बोलावं. त्या दिवशी माळावर शर्यत संपताच सरांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि लाल रेघेच्या वर माझं नाव परत घालायला पेनाचं टोपण काढलं. मी त्यांच्या हातातून पेन मागून घेतलं आणि खालच्या कोऱ्या ओळीवर माझं पूर्ण नाव लिहिलं.