कोळीण गेटवर आणि अ‍ॅप चढेना

आईच्या जुन्या फोनवर अ‍ॅप चढायच्या आधीच मी सोसायटीत आमच्या फ्लॅटसाठी माझ्याऐवजी तिचा मोबाइल नंबर देऊन आलो. म्हणजे गेटवर कुणी आलं की परवानगी आईच्या फोनवर मागणार, आणि ती देणारं अ‍ॅप फोनवर नाहीच.

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत अ‍ॅपवर होकार आल्याशिवाय वॉचमन कुणाला वर सोडत नाही. आधी तो होकार माझ्याकडे होता. मी ऑफिसात मीटिंगमध्ये, आणि माहुलहून येणारी आमची कोळीण गेटवरून माघारी. असं दोनदा झालं. त्या दोन्ही दिवशी आईने मला माशांऐवजी अंड्याची आमटी वाढली.

म्हणून बुधवारी, घरून काम होतं तेव्हा, मी तिचा फोन हातात घेतला. प्ले स्टोअर म्हणालं, हे अ‍ॅप या फोनला चालणार नाही. हरकत नाही. अ‍ॅपवाल्यांच्या साइटवर जुन्या फोनसाठी दोन फाइली होत्या, एक ३२ बिटची, एक ६४ची. आईने फोनचा खोका जपून ठेवलाय, त्यात ती शर्टाची सुटी बटणं ठेवते. खोक्यावर ठळक लिहिलेलं, ६४ बिट प्रोसेसर. झकास. ६४ची घेतली.

‘अ‍ॅप इन्स्टॉल झालं नाही.’

जागा कमी असेल, असं ठरवून मी आईच्या मैत्रिणींची सगळी फुलं आणि सुप्रभात उडवली. तरी तेच. तितक्यात कोळणीचा फोन आला. आईने स्पीकर लावला.

“वैनी, मी खाली हाय. ह्यो सोडत नाय. बोंबील ताजं हाय, उन्हात किती ठेवू?”

“थांब गं बाय जराशी. आमचे साहेब बोटं चालवतायत.”

“आज थांबते. परत असं झालं तर तुमची बिल्डिंग सोडूनच देते मी.”

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने फोनची माहिती दाखवणारं एक छोटं अ‍ॅप टाकलं. प्रोसेसर ६४ बिटचा, खोका खोटं बोलत नव्हता. पण कंपनीने त्यावर अँड्रॉइड मात्र ३२ बिटचं बसवलेलं. फाइल प्रोसेसर बघून नाही, आत काय चालतंय ते बघून घ्यायची होती. ३२ची घेतली. मुकाट बसली. आईच्या बोटानेच होकार दिला.

कोळीण वर आली, टोपली उतरवली. बोंबील निवडता निवडता आईने विचारलं, नक्की काय अडलं होतं? मी खोका, प्रोसेसर, अँड्रॉइड असं सगळं नीट समजावलं.

“म्हणजे वरचं वाचून घेतलंस, आत बघितलंच नाहीस,” आई म्हणाली. “मेल्या, तुझ्यासाठी मुलगी बघायला मीच जाणार.”