लोखंडाचा ग्रह

बाबांचं डावं अंग लकव्यानं गेलं, पण जीभ शाबूत राहिली आणि ती काही स्वस्थ बसणारी नव्हती. तेलंगणातल्या बेला गावच्या मराठी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी आईलाच वर्गात बसवलं. आई त्यांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. त्या पाठीवर तिनं एक फोड येऊ दिला नाही, स्वतः मात्र वाळून काडी झाली.

त्या सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. कुठल्याशा दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला होता. आकारानं पृथ्वीएवढाच, पण वजनानं कितीतरी भारी, जवळजवळ सगळा लोखंडाचा. बाबा खुलले. "आयकतं का वं," त्यांनी आईला हाक मारली, "ताऱ्याच्या लई जवळ हाये तो. वरचं सारं जळून उडून गेलं असन, नुसता गाभा राह्यला. अन् तोंड कायम ताऱ्याकडंच."

आई त्यांच्यासाठी दुधात भाकरी कुस्करत होती. "मंग बिचारीले कोनी बाजूले काऊन नाई घेत?" ती म्हणाली. तिच्या लेखी ग्रह बाईच होता. मला हसू आलं. बाबा हसले नाहीत.

दुपारी ते मला म्हणाले, "तुह्या मायले नार्नूरले तिच्या बहिनीकडं धाड. राहू दे चार दिवस." आई ऐकेना. मी रजा काढली, शपथा घातल्या, तेव्हा कुठे ती गाडीत बसली.

ती गेली आणि बाबांनी तोंड मिटलं. पेज नाही, पाणी नाही. डॉक्टरांनी लावलेलं सलाइन त्यांनी धडधाकट उजव्या हातानं ओढून काढलं. मी आईला लगेच बोलावून घेतलं. तिनं चमचा ओठांना लावला, विनवण्या केल्या, शेवटी चिडून शिव्याही दिल्या. ते तिच्याकडे बघत राहिले, पण ओठ उघडले नाहीत. मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. बायकोला मोकळं करायचं म्हणून हा शहाणा माणूस परस्पर निघून गेला.

बाबा गेल्यावर केलेल्या पुण्यानुमोदनाला आलेली प्रत्येक बाई आईचा हात धरून म्हणायची, "सुटली माय तू." आई मान हलवायची. मग बुद्धवंदना चालू असताना मागून कुणीतरी तेच पुन्हा म्हणालं आणि आई भर मांडवात ओरडली, "सोडा म्हनलं होतं का मी? मले एक डाव इचारलं तरी का त्यायनं?"