मशीन त्याचं, डिस्क माझी

माझा पुढचा एक दात खोटा आहे. कुणी विचारलं तर मी कन्नडच्या घाटात बिबट्याशी झालेली झटापट सांगतो. दर वेळी तो बिबट्या वीतभर वाढतो. खरी गोष्ट अशी की तो दात व्हिडिओ गेमच्या किमतीवरून पडला, आणि पाडणारा माझा चुलत भाऊ होता.

मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या अलीकडं, आम्ही दोघं एका खोलीत राहतो. तो माझ्याहून अकरा दिवसांनी धाकटा. दोघंही चिकलठाण्यात कामाला, दोघांची सुट्टी रविवारी. दिवाळीचा बोनस हातात आला तेव्हा अर्धे-अर्धे पैसे घालून गेम खेळायचं मशीन घ्यायचं ठरलं. प्रश्न एवढाच होता की कुठलं.

बाजारात तीन प्रकार होते. पहिलं डिस्कवर चालणारं. मशीन महाग, नवा गेम पाच हजारांचा, पण पैठणगेटच्या बाजारात तीच डिस्क जुनी घेतली तर दोन हजारांत मिळते आणि खेळून झाल्यावर अठराशेला परत विकता येते. दुसरं त्याचंच बिनतोंडाचं भावंड. आठ-दहा हजारांनी स्वस्त, पण डिस्क घालायला फटच नाही. गेम इंटरनेटवरून घ्यायचे, कंपनी सांगेल त्या भावात, नाहीतर दर महिन्याला भाडं भरायचं. तिसरं हातात मावणारं. त्याचे गेम सात वर्षं जुने झाले तरी भाव पहिल्या दिवसाचाच. सोनं उतरेल, ते उतरणार नाहीत.

"बिनफटीचं घेऊ," भाऊ म्हणाला. "सरळ दहा हजार वाचतेत."

"अन् गेम? ते काय तुझा सासरा देणारे?"

"म्हैन्याला हजार भर, शेकड्यानं गेम खेळ. लई सोपंय."

"खोलीचं भाडं भरता-भरता जीव चाललाय, आता खेळाचंबी भाडं? एक म्हैना चुकला की सगळे गेम गेले. डिस्क विकता येती. भाडं विकता येतं का?"

"तुझ्या डिस्कला ओरखडा पडला की तिच्यावर चहाचा कप ठेव."

या वाक्यावर मी त्याला कुकरचं झाकण मारलं. त्यानं माझी मान काखेत धरली आणि मला खोलीभर असं घासत फिरवलं, की भिंतीचा रंग आजही माझ्या डोक्याच्या उंचीवर गेलेला आहे. मी त्याच्या पोटाला कडकडून चावलो. त्याची किंकाळी ऐकून चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरणारं विमान पुन्हा वर गेलं. हे खरं नसेलही, पण त्या दिवशी विमान उशिरा आलं एवढं घरमालकीण मावशींनीसुद्धा मान्य केलं. त्या जिन्यातून ओरडल्या, "मुडदे पडले तरी चालतील, फरशी फोडू नका रे. नवी टाकलीय!"

दुसऱ्या रविवारी हातातल्या छोट्या मशीनच्या भावावर चर्चा झाली. तीत प्लास्टिकची खुर्ची मेली आणि माझी एक बरगडी महिनाभर श्वास मोजून घेत होती. अखेर डिस्कवालं मशीन आलं, कारण तिसऱ्या रविवारी भावाचा अंगठा माझ्या मुठीत होता आणि मी तो मागं वाकवत होतो. "व्हय, व्हय, डिस्कवालं!" असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला. याला आमच्यात एकमत म्हणतात.

पुढं बरं चाललं. जुन्या डिस्का घेत-विकत आमच्याकडं बावीस जमल्या. त्यातल्या एका तलवारीच्या गेममध्ये मी अडकलो. चार महिने मी रक्त सांडलं, पर्वताएवढे राक्षस मारले आणि शेवटचा एक उरला. सहा हातांचा, प्रत्येक हातात घण. एका फटक्यात तो माझी चटणी करायचा. झोपेतही मी त्याच्याशी लढून भिंतीला लाथा घालायचो. आता एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. असे कमावलेले चार महिने डिस्कवर नसतात, मशीनच्या पोटात साठतात. मशीन गेलं की पुन्हा पहिल्या राक्षसापासून.

एका रविवारी सकाळी भाऊ पिशवी घेऊन जिन्यात दिसला. पिशवीत लोखंडी डबा, डब्यात माझी ती डिस्क.

"कुठं चाललास?"

"इकाया. भाव पडायलाय हिचा. पुढच्या म्हैन्यात हजारबी यायचे नाय."

"माझा एक राक्षस राहिलाय!"

"चार म्हैन्यात नाय मेला, आता म्हातारा होऊन मरंल."

मी त्याची कॉलर मागून ओढली. तो वळला आणि डब्यासकट ती पिशवी त्यानं माझ्या तोंडावर फिरवली. दात कुठं गेला ते कळलं नाही, गिळला असावा. मी त्याच्या नाकावर कपाळ हाणलं. नाक ओल्या लाकडासारखं वाजलं. आम्ही सतरा पायऱ्या एकमेकांना आपटत खाली आलो आणि खाली पोचल्यावर, हिशोब पुरा व्हावा म्हणून, आणखी दोन-दोन ठेवून दिल्या. जिनाभर दोघांचं रक्त एक झालं. तसं ते आधीपासून एकच होतं.

मावशींनी गावाकडं फोन केला. दुसऱ्या दिवशी काका, म्हणजे भावाचे वडील, एसटीनं आले. माझं तोंड बघितलं, लेकाचं नाक बघितलं.

"बांधावरून डोकी फुटतात हे आमाला ठावं हाय. तुमचं कशावरून?"

"डिस्कवरून."

"ती किती गुंठे असती?"

काकांनी टोपी झटकली आणि निकाल दिला, "वाटणी करा."

आमच्यात वाटणीची रीत अशी : थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं पहिला उचलायचा. पाडणाऱ्यानं डाव साधू नये म्हणून. अकरा दिवसांचा का होईना, थोरला मी. पण मी काय साधा पाडणारा? भावाला फक्त किंमत दिसते, हे मला माहीत होतं. म्हणून एका बाजूला नुसतं मशीन ठेवलं. दुसऱ्या बाजूला बावीसच्या बावीस डिस्का, टीव्ही, वर मिक्सर. कुणीही दुसराच वाटा उचलेल. मग चार महिन्यांसकट मशीन मला, आणि ती एक डिस्क काय, पैठणगेटला हजार-दोन हजारांत पुन्हा मिळते.

"उचल," काका म्हणाले.

भाऊ वाट्यांकडं बघतच नव्हता. सुजलेल्या नाकावरून तो माझ्याकडं बघत होता. माझी नजर कुठं आहे ते त्यानं बघितलं, आणि मशीन उचललं. भाऊबंद महागाचं उचलत नाहीत. दुसऱ्याला जे हवं असतं ते उचलतात. तीन पिढ्यांच्या वाटण्या ऐकत वाढलो आणि हेच विसरलो.

मी त्याच्यावर झेप घेतली. काकांनी दोघांना एकेक अशी लगावली की माझ्या डाव्या कानात हर्सूलच्या तुरुंगाचे टोल पडले. मग ते संध्याकाळच्या एसटीनं गेले. रीत पाळली गेली होती, त्यांचं काम संपलं होतं.

आठवडाभर मशीन त्याच्या कॉटखाली, डिस्का माझ्या. त्याला बघायला टीव्ही नाही, मला खेळायला मशीन नाही. रविवारी सकाळी तोच बोलला.

"राक्षस मारायचाय ना? लाव डिस्क. पण दर माझा. तासाला एक थोबाडीत."

"दोन तासांना एक."

"नाय परवडत."

मी गाल पुढं केला. पाच हजारांची नवी, दोन हजारांची जुनी, महिन्याचं भाडं, सगळे भाव बघून झाले होते. याच्याइतका महाग गेम कुठल्याच मशीनवर नव्हता. तो घड्याळ लावून मारायचा, आणि हात आखडता घेत नव्हता. नऊ तास, नऊ थोबाडीत. आठवीला डावा डोळा मिटला, तेव्हा मी एका डोळ्यानं लढलो. घण चुकवला, एकेक हात तोडला आणि सूर्य कलताना त्या सहा हातांच्या हैवानाच्या गळ्यात तलवार मुठीपर्यंत घातली. तो पडला तेव्हा मी इतका ओरडलो की खालून मावशी ओरडल्या, "मेला का एकजण?"

"मेला!" मी म्हणालो.

मग शांतपणे डिस्क काढून खिशात घातली आणि टीव्हीची वायर गुंडाळायला लागलो.

"ए, थांब की," भाऊ म्हणाला. "मलाबी मारायचाय त्याला. नऊ तास बघतोय, हात शिवशिवायलेत."

"मार की. कोण नाय म्हणतंय?" मी बाही कोपराच्या वर सारली. "डिस्क माझी, टीव्ही माझा. थोबाडीत नाय चालायची, बुक्की. अर्ध्या तासाला एक."

त्यानं टीव्हीकडं बघितलं, माझ्या मुठीकडं बघितलं. मनातल्या मनात भाव करून बघितला असावा. मग बनियन वर केलं, पोट आत ओढलं आणि डोळे मिटून म्हणाला, "पहिली आगाऊ घे."