आत्याचं माप

जगातल्या यच्चयावत माणसांकडे माझ्या बायकोची आत्या एकाच नजरेने बघते: या माणसाला केवढी बाज लागेल? बोलता बोलता तिचा हात समोरच्याच्या खांद्यावर पडतो आणि विती मोजत घोट्यापर्यंत पोचतो. पालघरच्या कचेरीत एका बड्या साहेबांना तिने ते सही करत असतानाच मोजलं. साहेब चपापले. "घाबरू नको रं," आत्या म्हणाली, "मापून ठेवलेलं बरं." आमच्या लग्नात भर मांडवात तिने मलाही मोजलं होतं आणि "जावय आखूड हाय, दोर वाचंल" असा निर्वाळा वऱ्हाडाला ऐकू जाईल असा दिला होता. तेव्हापासून ती मला आवडते, असं मी बायकोला सांगतो. खरं तर आवडायला बराच काळ गेला.

आत्या दातिवऱ्याची. उभा जन्म तिने बोईसरच्या बाजारात मासळी विकली. गुडघे कुरकुरायला लागल्यावर टोपली सुनेच्या डोक्यावर दिली, तेव्हा आता ही घरी बसेल म्हणून सगळे निर्धास्त झाले. पण स्टेशनबाहेर, पुलाखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्यांना हातचं काम शिकवून खोली मिळवून देणारी एक लहानशी संस्था बोईसरला आहे. तिथे आत्या सुकट द्यायला म्हणून गेली आणि बाजा विणायला शिकवायला राहिली. त्यासाठी ती होड्यांवरचे टाकाऊ दोर आणते. टाकाऊ कुठला हे तीच ठरवत असल्यामुळे ती किनाऱ्यावर दिसली की लोक आपापले चांगले दोर लपवतात. बाज विणून झाली की परीक्षा. आत्या लांबून चालत येते आणि स्वतःला बाजेवर सोडून देते. आत्याचा एकंदर विस्तार पाहता ही परीक्षा सोपी नव्हे. बाज टिकली की "बोंबलली नाय, पास!" अशी आरोळी उठते. तिचा नियम एकच: पहिली बाज विकायची नाही, तिचे दोर सोडायचे नाहीत, ती विणणाऱ्याची. ठेवायची कुठे, असं संस्थेतल्या पोरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आता कसं बोललात! बाजंला खोली बघा." तेव्हापासून ती खोल्या माणसांसाठी मागतच नाही, बाजांसाठी मागते. घरमालक "स्टेशनवरचा माणूस नको" म्हणायला तोंड उघडतो तोवर बाज दारात आलेली असते. मग खोली मिळालेल्या प्रत्येकाकडे ती रोज सकाळी सरळ आत घुसते आणि "उठलास का मेलास?" असं फार मायेने विचारते.

बिरजू तिला अलीकडे सापडला. ताडमाड, अबोल माणूस. कारखान्यातलं काम सुटलं, त्याबरोबर राहायची जागा सुटली आणि तो पुलाखाली आला. विणकाम असं की आत्याला शिव्या द्यायला निमित्त मिळेना. संस्थेने त्याला खोली घेऊन दिली, पण तो तिथे झोपेना. दार लागलं की जीव घुसमटतो म्हणे. घरमालकाने निरोप धाडला, महिनाअखेरपर्यंत माणूस राहायला आला नाही तर खोली दुसऱ्याला देईन. आता पुन्हा पुलाखाली गेला तर हा काही परत यायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आत्याला यावर एकच औषध ठाऊक. बिरजूची बाज विणून झाली, पास झाली आणि टेम्पोतून चाळीत आली. पाय पसरायला म्हणून आत्याने माप भरपूर सैल धरलं होतं. चाळीचा बोळ अरुंद, खोलीचं दार चिंचोळं; बाज काही केल्या वळेना. आडवी केली, उभी केली, तिरपी केली. मध्येच मी आत आणि बाज बाहेर, मग अर्धी बाज आत आणि मी भिंतीला चिकटलेला. सगळी चाळ सल्ले द्यायला जमली. कुणी म्हणालं, पाय कापा. "बाजंचे का बिरजूचे?" आत्या गरजली. कुणी म्हणालं, दोर सोडा आणि आत नेऊन पुन्हा विणा. तेव्हा बिरजूने तोंड उघडलं. "नहीं मौसी, ये नहीं खोलूँगा," तो म्हणाला आणि बाजेला धरून बोळातच बसला.

आत्याने पदर खोचला. "जावय, पहार आन." मी जन्मात पहार धरली नव्हती, पण आत्याला नाही म्हणायची पद्धत आमच्या सासरवाडीत नाही. दार चौकटीसकट निघालं, सोबत थोडी भिंतही आली, आणि बाज आत गेली. घरमालक धावत आला आणि भगदाड बघून त्याला घेरीच आली. आत्याने त्याला बाजेवर निजवला आणि निजल्या निजल्या मोजून घेतला. "मानूस ऱ्हायला आला का नाय? मग! दार काय, कवा पन लागंल."

त्या रात्री बिरजू खोलीत झोपला. दारच नव्हतं, लागणार काय! सकाळी आत्या गेली तर हा पाय पसरून घोरत होता. तू हे मुद्दाम केलंस का, असं मी तिला पुष्कळदा विचारलं. "मापायला चुकले," एवढंच म्हणते. आत्या मापायला चुकली यावर माझा काडीचाही विश्वास नाही.

थंडी पडल्यावर बिरजू आपण होऊन आला. "मौसी, दरवाज़ा लगवा दो. कुंडी भी." आतून लावायला कडीसुद्धा हवी होती त्याला! सुताराकडून दुरुस्त झालेलं दार तिने टेम्पो नाकारून मासळीच्या टोपलीसारखं डोक्यावरून नेलं. गवंड्याने चौकट बसवली. "आरं, पन आता ही बाज भायेर कशी काढशील?" तिने विचारलं.

"निकालनी किसको है, मौसी?" बिरजू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर होतो. सवयीने ती दार ढकलायला गेली, थबकली आणि तिने कडी वाजवली. आतून आवाज आला, "कौन है?" आत्याने पदर डोळ्यांना लावला, मला गप्प राहायची खूण केली आणि ते पुन्हा एकदा ऐकायला मिळावं म्हणून उत्तर न देता तशीच उभी राहिली.