हेरंबदादाचा पक्षी

मे महिन्याची दुपार. कूलरची घरघर कानात विरत जाते, डोळा लागतो न लागतो, तोच पलंगाच्या कडेला हेरंबदादा येऊन बसतो. माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन वर्ष होत आलं. जन्मभर त्यानं एकाच जातीची हाडं अभ्यासली: लाखो वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत फिरणारे, माणसाहून उंच, न उडणारे शिकारी पक्षी. शेवटी पाय गेले, तरी अंथरुणात त्यांचीच चित्रं बघत पडायचा.

"मालू, चल. तुला दाखवतो," तो म्हणतो.

मी त्याला आधार देऊन उठवते. स्वयंपाकघरातून गॅलरीत जावं तर गॅलरी नाहीच. छातीपर्यंत सुकं गवत. मागे ओट्यावरचा नळ अजून ठिबकतोय.

माझ्या खांद्यावर भार टाकून चालता चालता दादा हळू आवाजात सांगतो. हा पक्षी एकदम झडप घालत नाही, आधी नुसता सोबतीनं चालतो. चोच कुऱ्हाडीसारखी, घाव वरून खाली. आडवा झटका त्याच्या मानेला सोसत नाही, म्हणून धडपडणारं सावज तो धरून ठेवत नाही. एक घाव घालतो, मागे सरतो, बघत उभा राहतो. मग दुसरा.

"लगेच मरतं का?"

"नाही. त्याला घाई नसते."

गवतातून डोकं वर येतं, घोड्याच्या डोक्याएवढं. एक डोळा आमच्यावर. मी दादाला ओढत निघते. पायांखाली आता दवाखान्याची फरशी आहे, लांबच लांब बोळ, आणि मागे नखांची टकटक. दादा पुन्हा पुन्हा मागे बघतोय. मी त्याला समजावते, तू तर गेलायस, तुला आता काय होणार?

"एकट्याला तो रोज गाठतो, मालू," तो म्हणतो. "दोघं असले, की मागे राहील त्याला."

माझा दंड धरून तो मला मागे फेकतो.

मी फरशीवर आपटते. दादा पळतो, धडधाकट पायांनी, शाळेच्या शर्यतीत पळायचा तसा. मी हाक मारते. तो वळत नाही. माझ्या तोंडावर सावली पडते, चोच वर उठते.

जाग येते तेव्हा माझी मुलगी केतकी चहा घेऊन उभी आहे. "आई, दंडाला काय झालं गं?"

मी बाही वर सारते. पाच बोटं उमटलीयत, काळीनिळी. केतकी त्यांच्यावर आपली बोटं ठेवून बघते. तिची पुरत नाहीत.