मी गेले नाही, मला काढलं

मी कला शाखेच्या मुलांना कायदा शिकवते. त्यांना वकील करायला नाही, तर माणसं एकत्र कशी राहतात हे कळावं म्हणून. परवा त्यांना तालुक्याच्या कोर्टात नेलं. पोटगीचा दावा चालू होता. कारकुनानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या, पोटगी मागणाऱ्या बाईंना त्यांची नुकतीच लिहून घेतलेली साक्ष वाचून दाखवली, "मी नवऱ्याचं घर सोडून गेले."

बाई म्हणाल्या, "साहेब, मी गेले नाही. मला काढलं."

नवऱ्याचे वकील उठले, पण न्यायाधीशांनी त्यांना बसवलं आणि वाक्य दुरुस्त करून घेतलं.

मराठी साहित्य शिकणारी मधुरा माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, सगळा दावाच एका क्रियापदावर उभा आहे!"

खरंच होतं; बायको कारण नसताना आपणहून घर सोडून गेली असं ठरलं, तर पोटगी नाकारता येते. मला फार बरं वाटलं. कायदा असाच शिकावा, कवितेसारखा शब्द न् शब्द ऐकत. कलमं ही मुलं विसरतील, पण हा कान त्यांच्यापाशी राहील, याची मला खात्री आहे.

बाहेर व्हरांड्यात मधुरानं त्या बाईंना गाठलं. "मावशी, एवढ्या लोकांसमोर बोलायची भीती नाही वाटली?"

"वाटली की," बाई म्हणाल्या. "पण ते माझ्या तोंडचं म्हणून लिहीत होते ना, पोरी."